घरी केलेल्या दारांचा बाक आणि पीळ: सोलापूरच्या हवेत कारण ओळखून करायची दुरुस्ती

आपण कळवलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. जुळे सोलापुरातील घरासाठी आपण आतल्या खोल्यांची दोन दारे जानेवारीत स्वतः तयार केली. शयनगृहाचे दार सागवानी सांगाड्यावर दोन्ही बाजूंनी ६ मिलिमीटरचे प्लायवुड चिकटवून केले आहे. हॉलच्या बाजूने त्याला सनमायका आहे आणि आतल्या बाजूने प्रायमरचा एकच हात. मे महिन्यात हे दार वर आणि खाली चौकटीला टेकते, पण मध्ये कुलपापाशी ८ मिलिमीटर शयनगृहाकडे फुगून राहते, त्यामुळे लॅच लागत नाही. दुसरे दार अडगळीच्या खोलीचे असून ते सागवानी पॅनेलचे आहे. त्याचा कुलपाकडचा वरचा कोपरा चौकटीपासून १२ मिलिमीटर, म्हणजे सुतारांच्या भाषेत चार सूत, सुटलेला राहतो. रंधा मारून दोन्ही दारे बसवून घ्यावीत का, आणि तिसरे दार करायचे राहिले आहे त्यात काय काळजी घ्यावी, असे आपण विचारले आहे.

रंधा आज हातात घेऊ नका. या दोन दारांची दुखणी वेगळी आहेत आणि रंधा दोन्हींवरचा पहिला उपाय नाही. पहिल्या दाराला लांबीत बाक आला आहे, आणि असा बाक बहुतेक वेळा दाराच्या दोन बाजूंना वेगवेगळी हवा लागल्याने किंवा दोन बाजूंवर वेगवेगळे आवरण असल्याने येतो. दुसऱ्या दाराला पीळ पडला आहे, आणि पिळाचे कारण लाकडाच्या रेषांमध्ये असते, जोडणीत असते किंवा दारात नसून चौकटीतच असते. कारण न शोधता लाकूड तासले, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते: ऋतू बदलला की बाक कमी होतो, तासलेले लाकूड मात्र परत येत नाही, आणि सप्टेंबरमध्ये त्याच दाराला उलट्या बाजूने फट दिसू लागते.

लाकूड वाळलेले असले तरी हवेशी त्याची देवाणघेवाण कधीच थांबत नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास असेल, जशी आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी असते, तर लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत ओलावा धरून स्थिरावू पाहते. हीच आर्द्रता ८० टक्के झाली की ते १६ टक्क्यांकडे जाऊ लागते. घरातले दार ही दोन्ही टोके गाठत नाही, कारण त्याला वेळ लागतो आणि रंग-पॉलिश त्याचा वेग कमी करते. तरीही उन्हाळा आणि सप्टेंबरचा पाऊस यांच्यात सात टक्क्यांचा फरक धरून चालावे. सोलापूर पर्जन्यछायेत आहे आणि आपला मोठा पाऊस बहुधा सप्टेंबरमध्ये पडतो, हे इथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण जून-जुलैत नीट लागणारे दार पाहून अनेक जण निर्धास्त होतात आणि दार नवरात्राच्या आगेमागे अडकू लागते.

या सात टक्क्यांनी काय होते ते आकड्यांत पाहू. सागवानाची फळी वाढचक्रांना (खोडातल्या वार्षिक वर्तुळांना) स्पर्शरेषेत कापलेली असेल, तर ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्यामागे तिची रुंदी साधारण ०.१९ टक्के बदलते; गाभ्यापासून सालीच्या दिशेने, म्हणजे त्रिज्येत, कापलेल्या फळीत हा बदल ०.१ टक्का असतो. ९०० मिलिमीटर रुंदीचे दार नुसत्या फळ्या जोडून केले, तर पहिल्या प्रकारच्या फळ्यांमुळे ते वर्षभरात ११ ते १२ मिलिमीटर कमी-जास्त होईल आणि दुसऱ्या प्रकारच्या फळ्यांमुळे सहा-साडेसहा मिलिमीटर. लांबीत मात्र सरळ रेषांचे लाकूड जवळजवळ हलत नाही. सांगाडा-पॅनेलचे दार शतकानुशतके टिकून आहे ते याच कारणाने: त्यात रुंदीचा हिशेब फक्त दोन उभ्या पट्ट्यांपुरता उरतो, आडव्या पट्ट्या लांबीत पडतात, आणि पॅनेल आपल्या खाचेत मोकळे श्वास घेते.

मग लांबीत न हलणाऱ्या लाकडाच्या दाराला लांबीत बाक कसा येतो, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर भूमितीत आहे. दार २ मीटर उंच आणि ३५ मिलिमीटर जाड असेल आणि त्याची एक बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा केवळ ०.८ मिलिमीटरने लांब झाली, तर मध्यावर ६ मिलिमीटरचा बाक पडतो. ०.८ मिलिमीटर म्हणजे दोन मीटरमध्ये ०.०४ टक्के. इतका किरकोळ फरक लाकडाच्या तिरक्या रेषांनी पडू शकतो, कोवळ्या गाभ्याच्या लाकडाने पडू शकतो, आणि सनमायक्यासारख्या थराने तर हमखास पडतो, कारण कोरड्या हवेत सनमायका लांबीतही आकसतो आणि त्याखालचे सागवान लांबीत आकसत नाही. दाराची जाडी कमी असेल तर हाच फरक अधिक बाक देतो. २५ मिलिमीटरच्या दारात बाक ८ ते ९ मिलिमीटर होईल. घरी दारे करणारे बरेच जण वजन आणि खर्च वाचवण्यासाठी जाडी कमी करतात, आणि नेमकी तीच बचत महागात पडते.

आता आपल्या शयनगृहाकडे येऊ. या खोलीत कूलर आहे असे आपण लिहिलेले नाही, पण सोलापुरात मे महिन्यात शयनगृहाचे दार बंद राहते ते बहुधा कूलर किंवा एसी चालू असतानाच, म्हणून मी कूलर आहे असे धरून चालतो. कूलर पाण्याची वाफ करूनच हवा थंड करतो, त्यामुळे रात्रभर दाराच्या एका बाजूला ६० ते ७० टक्के आर्द्रतेची हवा असते आणि हॉलच्या बाजूला कोरडी ठणठणीत. आतल्या बाजूवर प्रायमरचा एकच हात असल्याने ती बाजू ओलावा पिते आणि लांबते. हॉलकडचा सनमायका कोरडा पडून आकसतो. दोन्ही कारणे दाराला एकाच दिशेने, शयनगृहाकडे पोट काढून, वाकवतात. आपण सांगितलेले लक्षण याच्याशी तंतोतंत जुळते. कूलरऐवजी एसी असेल तर आतली हवा उलट कोरडी होते आणि बाकाची दिशा ठरवण्यात सनमायक्याचा वाटा मोठा ठरतो, उपाय मात्र फारसा बदलत नाही.

पहिला उपाय फुकट आहे. कूलर चालू असताना हे दार बंद करू नका, किमान वीतभर उघडे ठेवा. कूलरने आत ढकललेल्या हवेला बाहेर जायला वाट लागतेच; ती नसेल तर खोली दमट होते आणि गारवाही कमी मिळतो, त्यामुळे दार उघडे ठेवण्यात आपले दुहेरी हित आहे. असे दोन-तीन आठवडे करा आणि दर चार-पाच दिवसांनी एक लांब सरळ पट्टी, किंवा दाराच्या हॉलकडील खोलगट बाजूवर वरपासून खालपर्यंत ताणलेला दोरा, यांच्या आधाराने मधली फट मोजून तारखेसह लिहून ठेवा. माझ्या अनुभवात असा बाक कारण दूर झाल्यावर निम्म्याच्या आसपास आपोआप उतरतो. उरलेल्या बाकावर दार उतरवून काम करायचे.

दार बिजागऱ्यांतून काढा आणि त्याच्या सहाही बाजू पाहा. वरची आणि खालची कड बहुतेक घरगुती दारांत कोरीच राहिलेली असते, कारण ती कोणाला दिसत नाही. पण आडव्या कापलेल्या टोकातून लाकूड ओलावा सर्वांत वेगाने घेते आणि सोडते. बिजागऱ्यांच्या खाचा आणि कुलपाचे भोकही आतून कोरे असते. या सगळ्या जागा बंद करा. मग दाराचे पोट वर ठेवून ते दोन्ही टोकांना दोन सरळ लाकडी ओंडक्यांवर आडवे ठेवा आणि मध्ये वजन द्या: टाइलचे दोन-तीन बॉक्स किंवा सिमेंटच्या विटा पुरतात. दार सपाट होऊन विरुद्ध दिशेला ४ ते ५ मिलिमीटर वाकेल इतके वजन हवे, कारण वजन काढल्यावर ते थोडे माघारी येणारच. या स्थितीत दोन दिवस ठेवल्यावर आतल्या बाजूवर हॉलकडच्याच जाडीचा सनमायका चिकटवा. रंग वेगळा चालेल, जाडी आणि प्रकार तोच हवा. ती शीट आधी दोन-तीन दिवस त्याच खोलीत उघडी ठेवलेली असावी. फेविकॉलसारख्या पांढऱ्या सरसात पाणी असते हेही विसरू नका. एका बाजूवर जाड थर ओतला की त्या पाण्यानेच दार वाकते, म्हणून सरस पातळ, एकसारखा आणि दाबाखाली पूर्ण सुकू द्यावा. खर्च वाचवायचा म्हणून आत नुसता ऑइल पेंट दिला तरी काही फरक पडेल, पण सनमायक्याचा तोल सनमायकाच सांभाळतो.

एवढे केल्यावर तीन-चार मिलिमीटर उरले तर ते सोसण्यासारखे आहे. कारखान्यात दाबयंत्राखाली तयार झालेल्या दारांतही साधारण ६ मिलिमीटरपर्यंतचा बाक किंवा पीळ चालवून घेण्याची रीत आहे. चौकटीवरची लॅचची पट्टी तेवढी सरकवा. लॅच मध्ये आहे आणि बाकही मध्ये आहे, म्हणून दार बंद असताना लॅचच त्याला सरळ धरून ठेवील.

अडगळीच्या खोलीच्या दाराकडे वळण्याआधी त्याची चौकट तपासा, कारण सोलापुरात या तपासणीला फार महत्त्व आहे. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असेल तर भिंत थोडी हलते आणि चौकटही तिच्याबरोबर हलते. दार सरळ असते, चौकट पिळलेली असते, आणि दोष दारावर येतो. चौकटीच्या दोन्ही उभ्या बाजूंना, समोरून आणि बाजूने असा दोनदा ओळंबा लावा. त्यानंतर चौकटीच्या चार कोपऱ्यांत, अगदी एका पातळीत, चार बारीक खिळे ठोकून दोन दोरे तिरपे ताणा. चौकट एका पातळीत असेल तर दोन्ही दोरे मध्यभागी एकमेकांना जेमतेम स्पर्श करतात. मध्ये फट दिसली, तर तिची दुप्पट म्हणजे एका कोपऱ्याचा दोष: दोऱ्यांमध्ये ४ मिलिमीटरची फट असेल तर कोपरा ८ मिलिमीटरने बाहेर आहे. एक दोरा दुसऱ्यावर दाबून वाकत असेल तर दोऱ्यांची वरखाली अदलाबदल करून पुन्हा मोजा. हीच कसोटी मग दार सपाट जमिनीवर न ठेवता दोन टेबलांवर ठेवून दारावरही करा. चौकटीचा दोष आणि दाराचा दोष यांची बेरीज आपल्या १२ मिलिमीटरशी जुळली पाहिजे; जुळत नसेल तर बिजागरी ढिली आहे किंवा वाकली आहे.

चौकट दोषी निघाली आणि ती लाकडी असेल, तर सुटलेल्या बाजूने होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, मोकळे करून ती पुन्हा ओळंब्यात बसवणे शक्य असते. ग्रॅनाइटच्या किंवा सिमेंटच्या चौकटीला हे करता येत नाही. तिथे चौकटीच्या आतल्या खाचेत निमुळती लाकडी पट्टी बसवून दाराला टेकायला नवी पातळी द्यावी. एका टोकाला शून्य आणि दुसऱ्या टोकाला लागेल तितकी जाड अशी ही पट्टी नीट रंधून रंगवली की डोळ्यांना खटकत नाही.

दोष दारातच असेल, तर बिजागऱ्यांनी त्यातला बराच भाग वाटून घेता येतो, आणि हा उपाय मला सर्वांत आवडतो, कारण त्यात लाकूड कुठेही कमी होत नाही. आपल्या दारात कुलपाकडचा वरचा कोपरा बाहेर आहे. वरची बिजागरी चौकटीच्या खाचेकडे ३ मिलिमीटर आत सरकवली आणि खालची बिजागरी ३ मिलिमीटर बाहेर आणली, तर तो कोपरा एकूण ६ मिलिमीटर आत येतो. म्हणजे १२ चे ६ राहिले, आणि ही चूक आता एकाच कोपऱ्यात न राहता विभागली गेल्याने नजरेत भरत नाही. मधली बिजागरी असेल तर ती नव्या वरच्या आणि खालच्या बिजागऱ्यांच्या सरळ रेषेतच आली पाहिजे. तिन्ही पिना एका रेषेत नसतील तर दार कुरकुरते आणि स्क्रू उपटून निघतात. जुनी भोके सागवानाच्या खुंट्या सरसात ठोकून बुजवा आणि नवी भोके त्यानंतरच पाडा. जुन्या भोकाला खेटून पाडलेल्या भोकात स्क्रू धरत नाही. या बदलाने दाराचा आस किंचित तिरपा होतो, त्यामुळे दार आपोआप थोडे हलू शकते. तसे झाल्यास दाराला चुंबकाचा अडकवा लावावा.

उरलेले ६ मिलिमीटर काढण्यासाठी पावसाळाच उपयोगी पडतो. लाकडावर भार असताना त्यातला ओलावा बदलत राहिला, तर ते त्या भाराचा आकार हळूहळू कायमचा धरते. स्थिर हवेत तोच भार दिला तर भार काढताच बरेचसे परत फिरते. म्हणून जून ते ऑक्टोबर हा काळ पीळ काढायला उत्तम आहे, आणि अडगळीच्या खोलीचे दार सतत उघडावे लागत नाही, ही आपली सोय आहे. कुलपाकडच्या खालच्या कोपऱ्यात दार आणि चौकट यांच्यामध्ये आधी ६ मिलिमीटरचा लाकडी ठोकळा ठेवा आणि वरचा कोपरा मजबूत कडीने ओढून चौकटीला टेकवा. दार आता विरुद्ध दिशेने पिळलेले दिसेल. तीन आठवड्यांनी ठोकळा १० मिलिमीटरचा करा. त्यापुढे जाऊ नका. दाराच्या सांध्यांत बारीक फट दिसली किंवा करकर ऐकू आली, तर लगेच मागे या. दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर ठोकळा काढून पाहा. सरळ रेषांच्या लाकडाला याचा चांगला गुण येतो. रेषाच तिरक्या असतील तर गुण अर्धवट येतो, आणि तो आला तेवढा पदरात पाडून घ्यावा.

ओले फडके टाकून गच्चीवर उन्हात दार सरळ करण्याचा सल्ला आपल्याला हमखास मिळेल. तत्त्व खरे आहे: खोलगट बाजू आकसलेली असते, तिला ओलावा दिला आणि फुगीर बाजू तापवली तर वाक उतरतो. एकट्या फळीच्या किंवा पॅनेलच्या पन्हळीला हे जमते. पण सोलापूरच्या मे महिन्यातल्या गच्चीवर तास-दीड तासात फळी विरुद्ध दिशेला वाकते, आणि प्लायवुड किंवा सनमायका असलेल्या दाराचे थर सुटतात. जोडलेल्या दारावर हा प्रयोग करू नये.

शेवटचे उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे वाकलेल्या उभ्या पट्टीत लांबीच्या दिशेने २२ मिलिमीटर खोल चर पाडून २० × ५ मिलिमीटरची लोखंडी पट्टी उभी बसवणे आणि इपॉक्सीने पक्की करणे. पट्टी आडवी बसवली तर तिचा काहीच उपयोग होत नाही, कारण बाकाच्या दिशेने तिला खोलीच उरत नाही. दुसरा म्हणजे दोषी पट्टी काढून नवी घालणे. पॅनेलच्या दारात हे वाटते तितके अवघड नाही, फक्त मूळ जोड सरसाऐवजी खुंटीवर केलेले असले पाहिजेत. पीळ १५ मिलिमीटरच्या पुढे असेल आणि पट्टीच्या कडेवर रेषा तिरक्या उतरताना दिसत असतील, तर मी इतर खटाटोप न करता सरळ पट्टीच बदलतो. कोपरा तासून सपाट करण्याचा विचार आला, तर एका सुताच्या आत, तोही सांध्यापासून दूर, इतकीच मुभा घ्यावी. सांध्यावर तासले की कुसवाचा, म्हणजे सांध्यात घुसणाऱ्या जिभेचा, गाल पातळ होतो आणि दार पुढे लोंबते.

आता तिसऱ्या दाराविषयी. त्याची अर्धी लढाई वखारीतच जिंकायची असते. फळीचे टोक पाहा: वाढचक्रांच्या रेघा रुंदीला काटकोनात उभ्या दिसल्या तर ती फळी उभ्या पट्ट्यांसाठी राखून ठेवा, रेघा धनुष्यासारख्या आडव्या असतील तर ती फळी पॅनेलला चालेल. कडेवरून रेषा टोकापासून टोकापर्यंत समांतर धावल्या पाहिजेत. गाभ्याचा मध्यबिंदू दिसणारी फळी, पांढऱ्या कडेची फळी आणि उभ्या पट्टीच्या मध्यावर मोठी गाठ असलेली फळी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. बल्लारशाचे सागवान की दांडेलीचे, यावर वखारीत बरीच चर्चा होते. माझ्या मते दाराच्या सरळपणासाठी त्या नावापेक्षा आपल्या हातातल्या फळीच्या रेषा आणि तिचा ओलावा यांचे मोल अधिक आहे. पेठांमधील जुन्या वाड्यांचे उतरवलेले लाकूड मिळाले तर ते उत्तम वाळलेले असते, पण जुनी तुळई चिरली की आतला ताण मोकळा होतो आणि कालपर्यंत सरळ असलेली पट्टी रात्रीत वाकते. खिळे काढून, चिरून, तिला दोन आठवडे पडू द्यावे आणि मगच मापावर आणावे.

फळी वाळलेली आहे, या दुकानदाराच्या शब्दावर दार करू नये. फळीच्या टोकापासून फूटभर आतून एक छोटा तुकडा कापा आणि ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोला. मग विजेच्या ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशांवर वजन उतरायचे थांबेपर्यंत वाळवा. ५४ ग्रॅमचा तुकडा ५० ग्रॅमवर थांबला, तर ओलावा ४ भागिले ५०, म्हणजे ८ टक्के. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस २८७ या मानकात देशाचे हवामानानुसार चार विभाग करून प्रत्येक कामासाठी लाकडातल्या ओलाव्याच्या मर्यादा दिल्या आहेत. सोलापुरात घरातल्या दारासाठी मी ९ ते १० टक्के धरतो, म्हणजे उन्हाळा आणि पावसाळा या दोन टोकांच्या मधोमध. ही स्थिती नोव्हेंबर ते जानेवारीत सहज साधते. लाकूड घरात आणून, प्रत्येक फळीमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून, कूलर नसलेल्या खोलीत थप्पी लावावी; एक फळी खूण करून दर आठवड्याला तोलत राहावी आणि वजन स्थिर झाल्यावर काम सुरू करावे.

उभ्या पट्ट्या एकदम मापावर आणू नका. आधी रुंदीत आणि जाडीत दोन सूत जास्त ठेवून कापा, आठवडाभर उभ्या-आडव्या फिरवत ठेवा, मग गुण्या लावून रंधा. शक्य असेल तर प्रत्येक उभी पट्टी दोन पातळ पट्ट्यांची करा: एकच फळी जाडीतून चिरायची, एक तुकडा उलटा फिरवून दुसऱ्याला चिकटवायचा. एका तुकड्याची वाकण्याची ओढ दुसऱ्याच्या ओढीला विरोध करते. माझ्या मते घरी काम करणाऱ्याला पीळ टाळण्यासाठी याहून चांगली युक्ती नाही, आणि तिला फक्त एक दिवस जास्त लागतो. दाराची जाडी ३५ मिलिमीटरखाली नेऊ नका, खालची आडवी पट्टी २०० मिलिमीटर रुंद घ्या, आणि सांधा आवळताना शिकंजे दाराच्या वर आणि खाली आलटून पालटून लावा. सगळे शिकंजे एकाच बाजूने लावल्यामुळे सरस सुकतानाच दार पिळते, आणि अशा दाराचा दोष पुढे उगाच लाकडावर ढकलला जातो. सरस लावल्यावर, तो ओला असतानाच, दोन सरळ पट्ट्या दाराच्या वरच्या आणि खालच्या टोकांवर आडव्या ठेवून एका डोळ्याने पाहा. त्यांच्या कडा समांतर दिसल्या नाहीत तर शिकंजे सैल करून कोपरा उचला. सुकल्यावर ही संधी राहत नाही.

पॅनेल खाचेत कधीही चिकटवू नका. ३०० मिलिमीटर रुंद सागवानी पॅनेल सात टक्के ओलाव्यामागे ४ मिलिमीटरपर्यंत हलते, म्हणून १२ मिलिमीटर खोल खाचेत दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर मोकळी जागा सोडा, आणि जोडणीआधीच पॅनेलच्या कडांना पॉलिश द्या, म्हणजे आकसल्यावर कोरी रेघ दिसणार नाही आणि रंगाने पॅनेल खाचेला धरणारही नाही.

पॉलिश किंवा रंग सहाही बाजूंना सारखेच हात द्या. जवसाच्या तेलाने सागवान सुंदर दिसते, पण हवेतली वाफ ते फारशी अडवत नाही; लाखेचे पॉलिश, पीयू (पॉलियुरेथेन) किंवा ऑइल पेंट यांचा उपयोग अधिक होतो. दार तयार झाल्यावर ते भिंतीला तिरके टेकवून महिनाभर ठेवणे म्हणजे बाक विकत घेणे आहे. ते सपाट, तीन ठिकाणी आधार देऊन, झाकून ठेवा. घरात ओले प्लास्टर, फरशीचे पॉलिश किंवा रंगकाम चालू असेल तर ते संपून खोली सुकेपर्यंत दार लावू नका, कारण फरशीच्या पॉलिशचे पाणी दाराच्या खालच्या टोकातून थेट वर चढते. दार मे महिन्यात बसवले तर कुलपाच्या बाजूला ४ मिलिमीटर फट सोडा, सप्टेंबरमध्ये बसवले तर २ मिलिमीटर पुरेत, आणि ३५ मिलिमीटरच्या दाराला १०० मिलिमीटरच्या तीन बिजागऱ्या लावा. मधली बिजागरी अगदी मध्यावर न ठेवता थोडी वर ठेवल्यास वरच्या बिजागरीवरचा भार हलका होतो.